लोभ असावा

'सर्व्हर डाऊन आहे' हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा माणूस आज महाराष्ट्रात शोधूनही सापडायचा नाही. बँकेच्या खिडकीपाशी, दाखल्यांच्या टेबलापाशी, तिकिटांच्या रांगेत, कोठे ना कोठे ते आपल्या कानी पडतेच. पूर्वी 'साहेब दौऱ्यावर आहेत' या वाक्याला जो मान होता तो आता याने पटकावला आहे. साहेब कोण हे निदान ठाऊक तरी असे. हा सर्व्हर कोण, तो राहतो कोठे, आणि घडीघडी खाली का बसतो, हे विचारण्याचे धाडस कोणी करीत नाही. मीही कधी केले नव्हते. पण गेल्या वर्षी जून महिन्यात हे वाक्य उच्चारण्याची पाळी खुद्द माझ्यावर आली, आणि तीही शंभर-सव्वाशे विद्यार्थ्यांच्या रांगेपुढे!

त्याचे असे झाले. भंडाऱ्याच्या ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तेथे संगणक समितीचा प्रमुख निवडण्यासाठी सभा भरली होती आणि नेमका त्या दिवशी मी रजेवर होतो. अनुभवी वाचकांस पुढचे सांगायला नकोच. दुसऱ्या दिवशी येऊन पाहतो तो माझ्या कप्प्यात नेमणुकीचे पत्र! 'अहो, पण मी मराठीचा माणूस,' असे मी काकुळतीला येऊन म्हणालो. त्यावर 'तुम्ही फक्त सह्या करायच्या, बाकी सगळे बाबूजी पाहतात,' असे आश्वासन मिळाले. ते खरेही होते. अडचण एवढीच झाली, की पुढच्याच वर्षी बाबूजी सेवानिवृत्त झाले आणि सह्या करणारा मी तेवढा मागे उरलो.

बाबूजी म्हणजे आमचे प्रयोगशाळा-साहाय्यक. शिक्षण बेताचे, पण यंत्राचे मन ओळखण्याची विद्या अशी, की भल्याभल्या पदवीधरांनी त्यांच्यापुढे हात टेकावेत. ग्रंथालयामागच्या कोंदट खोलीत एक काळे खोके होते. तोच आमचा सर्व्हर. सर्व्हर म्हणजे तरी काय? पंगतीत वाढणारा असतो ना, तो. बाकीचे संगणक पानावर बसून मागतात आणि हा वाढतो. कोणते पुस्तक कपाटात आहे, कोणते कोणी नेले, कोणाचा दंड किती, हे सारे त्याच्या पोटात. त्यावर 'कोहा' नावाची ग्रंथालय-प्रणाली चालते. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय-संस्थेने ती स्वतःसाठी करवून घेतली, २००० साली वापरात आणली, आणि साऱ्या जगाला फुकट देऊन टाकली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. हे कळले तेव्हा त्या काळ्या खोक्याबद्दल मला प्रथमच थोडी आपुलकी वाटली.

तर जूनमध्ये, ऐन प्रवेशाच्या दिवसांत, त्या खोक्यातली तबकडी जळाली. सुदैवाने आतली माहिती सुखरूप होती. दर शनिवारी तिची नक्कल काढून ठेवण्याचा बाबूजींनी घालून दिलेला नेम त्यांच्यामागेही चालू होता. आम्ही नवे यंत्र आणले, नक्कल त्यात ओतली, आणि आता सगळे ठीक होईल अशा समजुतीने बटण दाबले. पाहतो तो काय, मराठी पुस्तकांच्या नावांच्या जागी नुसते चौकोन! भंडाऱ्यात सकाळचे साडेदहा वाजलेले, तर यंत्राच्या मते पहाटेचे पाच. छापयंत्र ओळख दाखवीना, आणि निम्मे संगणक 'असा सर्व्हर आम्हांस ठाऊक नाही' म्हणून सांगू लागले. नागपूरहून एक जाणकार बोलावला. त्याने दोन तास डोके खाजवून विचारले, "जुन्या यंत्रात काय काय बदल केले होते, ते कुठं लिहून ठेवलंय का?"

लिहून ठेवणार कोण? अकरा वर्षांत बाबूजींनी त्या यंत्रात शेकडो बारीकसारीक दुरुस्त्या केल्या होत्या. आज हा स्क्रू पिळला, उद्या तो. त्या सगळ्या त्यांच्या डोक्यात होत्या, आणि ते डोके पवनी तालुक्यातल्या आपल्या गावी धानाच्या पऱ्ह्यांकडे पाहत बसले होते. शेवटी मी फोन केला. बाबूजी दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एस. टी.ने आले. त्या खोलीत तीन दिवस बसले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकोनांची अक्षरे झाली. मी आनंदाने विचारले, "बाबूजी, काय केलं हो?" कपाळाचा घाम पुसत ते म्हणाले, "होते जी. आता चालू झालं ना? मंग काहाले विचारता?"

त्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जो भाव होता तो मी विसरलेलो नाही. थकवा होता, आणि त्याहून अधिक समाधान. आपल्यावाचून हे चालत नाही, हे समाधान.

दिवाळीला माझा भाचा पुण्याहून आला. तो सर्व्हरांच्याच धंद्यात आहे, एवढे मला ठाऊक होते. पण त्याला प्रत्यक्ष काम करताना मी कधी पाहिले नव्हते. नरकचतुर्दशीच्या सकाळी अभ्यंगस्नान आटोपून आम्ही ओसरीवर फराळाला बसलो होतो. त्याचा फोन वाजला. त्याने मांडीवर संगणक घेतला, एका हाताने चकली मोडीत दुसऱ्या हाताने काहीतरी टिपले, पाचसात मिनिटे पडद्याकडे पाहिले आणि संगणक मिटला.

"काय रे, काय काम निघालं?"

"काही नाही मामा. दोनशे सर्व्हरवर एक दुरुस्ती करायची होती. झाली."

माझ्या हातातला करंजीचा तुकडा हातातच राहिला. एका सर्व्हरला तीन दिवस आणि दोनशेंना एक चकली! मी त्याला बाबूजींची सारी कथा सांगितली. तो हसेल असे वाटले होते, पण तो गंभीर झाला. "मामा, तुमचे बाबूजी मोठे कारागीर आहेत," तो म्हणाला. "पण उद्या त्यांना यायला जमलं नाही, तर?"

मग त्याने मला त्या विद्येची ओळख करून दिली. ती मला जशी कळली तशी सांगतो. चुकले तर दोष माझा.

एकेक यंत्र हाताने लावीत बसण्याऐवजी, यंत्र कसे असले पाहिजे ते एका कागदावर लिहायचे, आणि तो कागद वाचून यंत्रे तशी करण्याचे काम एका प्रणालीवर सोपवायचे, असा हा सारा प्रकार. १९९३ साली ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस नावाचा भौतिकीचा एक अभ्यासक तिथली संगणकांची खिल्लारे सांभाळता सांभाळता कंटाळला आणि त्याने 'सीएफइंजिन' नावाची अशी पहिली गाजलेली प्रणाली लिहिली. पुढे २००५ मध्ये 'पपेट' आली, २००९ मध्ये 'शेफ', २०११ मध्ये 'सॉल्ट' आणि २०१२ मध्ये 'ॲन्सिबल'. नावे पाहा! एक कळसूत्री बाहुली, एक आचारी, एक मीठ. या आचाऱ्याच्या घरी लिहिलेल्या कागदाला 'पाककृती' म्हणतात, आणि त्याच्या हत्याराचे नाव 'सुरी'! ॲन्सिबल हा शब्द अर्सुला ले ग्विन या लेखिकेने १९६६ सालच्या एका कादंबरीत घडवला. तारकांच्या अंतरावरही क्षणात निरोप पोहोचवणारे ते एक काल्पनिक यंत्र. संगणकवाले रुक्ष असतात हा माझा समज त्या दिवशी दूर झाला.

"पण यात नवल ते काय?" मी विचारले. "हे कर, मग ते कर, अशी यादीच ना ही?"

"नाही मामा. तीच तर गंमत आहे. यात 'हे कर' असं लिहीत नाहीत. 'हे असं असावं' असं लिहितात."

मी ताडकन उठून बसलो. कारण हा तर माझा प्रांत! वर्षानुवर्षे मी मुलांना आज्ञार्थ आणि विध्यर्थ शिकवीत आलो आहे. 'दार लाव' हा आज्ञार्थ. 'दार लावलेले असावे' हा विध्यर्थ. मुले ती रूपे परीक्षेपुरती पाठ करतात आणि विसरतात. दोहोंत फरक काय, हे मलाही इतके स्वच्छ कधी दिसले नव्हते. आमच्या घरचेच पाहा. माझी आई संध्याकाळी ज्याला त्याला सांगे, "तुळशीपाशी दिवा लाव." धाकटी बहीण लावी, मागून काकू लावी, नंतर मी लावी, आणि तुळशीपाशी तीन दिवे होत. आईने 'तुळशीपाशी एक दिवा असावा' असे म्हटले असते, तर जो तो आधी वृंदावनाकडे पाहून आला असता, दिवा असल्यास मुकाट्याने परतला असता, नसल्यास लावला असता. तेल वाचले असते. आज्ञार्थाला आधीची परिस्थिती दिसत नाही. विध्यर्थ आधी डोळे उघडून पाहतो, आणि जे कमी असेल तेवढेच करतो. म्हणूनच तो कागद एकदा चालवा की दहादा चालवा, यंत्र तसेच राहते. बिघडत नाही, दोनदा होत नाही. या गुणाला इंग्रजीत जो शब्द आहे, तो १८७० साली बेंजामिन पर्स या अमेरिकन गणितज्ञाने घडवला. त्याला मराठी प्रतिशब्द काढण्याच्या नादात मी दिवाळीचे दोन दिवस घालवले आणि ते सारे प्रतिशब्द हिने एका वाक्यात रद्द केले. ती म्हणाली, "शिजलेल्या भाताला पुन्हा शिट्टी देऊ नये, हेच ना?"

दुसरी गोष्ट भाच्याने सांगितली ती वाहवत जाण्याची. समजा, दहा यंत्रे पहिल्या दिवशी अगदी जुळी म्हणून उभी केली. मग एकाला रात्री अडचण आली, कोणीतरी घाईत दुरुस्ती केली आणि लिहायचे राहिले. दुसऱ्यावर कोणी 'सध्यापुरता' एक बदल केला. वर्षभरात दहा यंत्रांची दहा तऱ्हा! हे मात्र मला चटकन उमगले. जुन्या पोथ्यांचे पाठभेद दुसरे काय असतात? एक लेखनिक एक शब्द सुधारतो, दुसरा न कळलेल्या जागी कळेलसा शब्द घालतो, तिसरा भक्तीच्या भरात एखादी ओवीच पदरची जोडतो. कोणाचाच हेतू वाईट नसतो. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. पुढच्या तीनशे वर्षांत तिच्या प्रतींत इतके पाठ शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांना प्रती मिळवून, ताडून पाहून शुद्ध पाठ सिद्ध करावा लागला. आणि यापुढे कोणी पदरची भर घालू नये, अशी ताकीदही द्यावी लागली. भाचा म्हणाला, "पपेटचा कारभारी तेच करतो, मामा. दर अर्ध्या तासानं यंत्राकडे बघतो, आणि कुणी काही हलवलं असलं तर मूळ कागदाप्रमाणे परत करून ठेवतो." अर्ध्या तासाला एक एकनाथ! मी मनोमन हात जोडले.

हाताने लावलेल्या अशा एकुलत्या एका यंत्राला या मंडळींत 'हिमकण' म्हणतात, कारण दोन हिमकण सारखे नसतात. भंडाऱ्याच्या उन्हाळ्यात तापणाऱ्या माणसाला हिमकणाचे काय होय! मी त्याला कोनाड्यातला आजोबांचा पितळी लोटा दाखवला. आमचे भंडारा पितळेच्या भांड्यांचे गाव. ठोका आता पूर्वीसारखा गल्लोगल्ली ऐकू येत नाही, पण जुन्या घरांतून ठोक्याची भांडी अजून आहेत आणि त्यांतली दोन सारखी नाहीत. लोटा निराळा असला तर ते त्याचे भूषण. पाणी तेच राहते. पण आठ यंत्रांनी मिळून एकच काम करायचे आणि त्यांतले एक निराळे निघाले, तर? १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या शेअरबाजारात नाइट कॅपिटल या बड्या पेढीचे असेच झाले. आठ सर्व्हरांवर नवी प्रणाली चढवायची होती. माणसाने हाताने सातांवर चढवली, आठवा राहून गेला. बाजार उघडताच त्या आठव्यावरचा जुना, वर्षानुवर्षे निजलेला भाग जागा झाला आणि भलभलते सौदे करीत सुटला. पंचेचाळीस मिनिटांत चव्वेचाळीस कोटी डॉलर बुडाले. पुढच्या वर्षी ती पेढी दुसरीत विलीन झाली.

हे ऐकल्यावर मी ठरवले, बाबूजींकडे जायचे.

भाऊबीज झाली, की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुण्यारावळ्यांनी घरे फुलतात, दिवसा दंडार, रात्री नाटक. बाबूजींच्या गावची मंडई गाठून आम्ही मामाभाचे फराळाचा डबा घेऊन गेलो. बाबूजींनी ओसरीवर खाट टाकली, चहा झाला, आणि मी जरा चाचरतच विषय काढला. तुम्ही जे जे केलेत ते सगळे सांगा, हा लिहून घेईल, आणि यंत्रच ते वाचून पुढे आपले आपण सारे लावील.

बाबूजी बराच वेळ बोलले नाहीत. मग खाली पाहूनच म्हणाले, "म्हंजे मंग मले बोलवाचं काम नाही."

मला काय बोलावे सुचेना. मी केवळ यंत्राची सोय पाहत होतो. आपण एका माणसाकडे त्याची एकुलती एक मिरास मागायला आलो आहोत, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. निवृत्त झालेल्या माणसाला जून महिन्यात कोणी घाबऱ्याघुबऱ्या फोन करतो, तो पहिल्या गाडीने निघतो, तीन दिवस सगळे कॉलेज त्याच्या पाठीशी उभे राहते. हे सारे एका कागदाच्या बदल्यात सोडून द्या, असे मी त्यांना सांगत होतो.

भाचा मात्र सरळपणे म्हणाला, "बाबूजी, याला आमच्यात 'प्लेबुक' म्हणतात. त्यात 'यजमान' असतात, 'भूमिका' असतात. कोणत्या यजमानानं कोणती भूमिका करायची ते लिहायचं."

बाबूजींनी मान वर केली. "म्हंजे नाटकाची संहिताच म्हना की."

आणि मग मला आठवले. बाबूजी गावच्या नाटक मंडळीचे प्रॉम्प्टर होते! पंचवीस-तीस वर्षे मंडईच्या रात्री विंगेत बसून, हातात वही धरून त्यांनी नाटके तारली होती. ते आपल्याशीच बोलल्यासारखे म्हणाले, "एकडाव ऐन टायमाले नट तापानं पडला. दुसरा उभा केला. वही होती म्हून नाटक झालं. वही नसती तं मंडप रिकामा झाला असता." थोडे थांबून त्यांनी विचारले, "पर वहीतच चूक झाली तं? मंग तं सारेच नट चुकतीन."

मला वाटते, त्या दिवसभरातला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. भाच्याने तो टाळला नाही. २८ फेब्रुवारी २०१७ ची हकिकत त्याने सांगितली. व्हर्जिनियातल्या ॲमेझॉनच्या साठवण-सेवेत एक अधिकारी माणूस घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणेच थोडे सर्व्हर बाजूला काढीत होता. आज्ञेतला एक तपशील चुकला आणि थोड्यांऐवजी पुष्कळच सर्व्हर बाजूला निघाले. सुमारे चार तास असंख्य संकेतस्थळे अडून बसली. हाताची चूक एका यंत्राला भोवते, कागदावरची चूक सगळ्यांना. म्हणून पुढे त्या कंपनीने ते हत्यारच असे बदलले, की एकदम इतके सर्व्हर काढताच येऊ नयेत.

"मंग तुमी काय करता?" बाबूजींनी विचारले.

"आधी नुसतं विचारून पाहतो, की काय काय बदलेल ते सांग, पण बदलू नको. मग एका यंत्रावर चालवतो. ते नीट दिसलं, की थोड्यांवर, मग उरलेल्यांवर."

बाबूजी प्रथमच हसले. "शितावरून भाताची परीक्षा. असं सांगा ना जी!"

धानाच्या मुलखात यापुढे काही समजावण्याची गरज नव्हती. आतून जुनी चष्म्याची पेटी आली, बाबूजी मांडी घालून बसले, आणि सांगू लागले. भाचा लिहीत होता. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर असावे. अक्षरे युनिकोडमध्ये असावीत. सर्व्हरचा पत्ता कायम तोच असावा. माहितीच्या कोठारासाठी इतकी स्मृती राखलेली असावी. शनिवारी नक्कल निघावी. प्रत्येक कलमाला भाचा विचारी, "का?" आणि बाबूजी कारण सांगत. या कारणांतच खरी अकरा वर्षे होती. "नक्कल रात्री नोको ठेवू. रात्री लाइन जाते. दुपारी दोनले ठेव, तवा पोट्टे जेवाले जातेत."

भाच्याने ती कारणेही लिहून घेतली, आणि तीही जशीच्या तशी, बाबूजींच्या झाडीबोलीत! मी चकित होऊन विचारले, "अरे, हे यंत्राला कळेल का?" तो म्हणाला, "ओळीच्या सुरुवातीला ही खूण केली, की ती ओळ यंत्र वाचतच नाही. ती माणसांसाठी असते. 'काय असावं' ते यंत्र वाचेल. 'काहून' ते पुढचा माणूस वाचेल." वर्गात मी प्रमाणभाषा शिकवतो आणि मधल्या सुटीत पोरांची झाडीबोली कान देऊन ऐकतो. दोहोंना एकाच कागदावर इतक्या गुण्यागोविंदाने नांदताना मी प्रथमच पाहत होतो. रात्री आम्ही तिघांनी मिळून नाटक पाहिले. बाबूजी विंगेत नव्हते, प्रेक्षकांत होते. पण त्यांचे ओठ हलत होते.

भंडाऱ्याला परतल्यावर एका अडगळीतल्या रिकाम्या संगणकावर आम्ही तो कागद चालवून पाहिला. पडद्यावर पिवळ्या ओळी उमटत गेल्या. पिवळी म्हणजे 'बदल केला'. दोन ठिकाणी लाल ओळ आली. बाबूजींना फोन केला, राहिलेले दोन तपशील मिळाले. भाच्याने कागद सुधारला. मग त्याने मुद्दाम दुसऱ्यांदा चालवला. या वेळी सगळ्या ओळी हिरव्या, आणि शेवटी हिशेब : बदल शून्य, अपयश शून्य. जे जसे असावे तसे ते आहे, म्हणून काहीही केले नाही. इतका समाधानी हिशेब मी जन्मात पाहिला नव्हता.

यंदा ऑगस्टमध्ये वीज कडाडली आणि आमचे नवे यंत्रही गेले. बाबूजींच्या जागी आलेल्या मुलीने अडगळीतला संगणक पुढे ओढला, कागद चालवला, शनिवारची नक्कल ओतली, आणि चाळीस मिनिटांत पुस्तकांची देवघेव सुरू झाली. रांगेतल्या पोरांना काही झाल्याचे कळलेसुद्धा नाही. मी खुशीत घरी आलो. हिला सगळे रंगवून सांगितले. ती शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "मग बाबूजींना कळवलंत की नाही?"

नव्हते कळवले. कोणालाच त्यांची आठवण झाली नव्हती. कागदाने आपले काम चोख केले होते. आणि ओसरीवर खाली मान घालून बाबूजी जे म्हणाले होते ते अक्षरशः खरे ठरले होते. मला स्वतःची लाज वाटली. यंत्राला बाबूजी लागत नाहीत, हे ठीकच झाले. पण म्हणून आम्हांलाही ते लागू नयेत, असे त्या कागदात कोठे लिहिले होते?

त्याच रात्री मी पत्र लिहायला बसलो. फोन करता आला असता. पण फोन आला की काहीतरी अडले असणार, अशी त्यांची समजूत मीच करून दिलेली. यंत्र गेले, चाळीस मिनिटांत उठले, तुमची दुपारी दोनची नक्कल उपयोगी पडली, त्या मुलीने तुमचे 'काहून' वाचून दाखवले तेव्हा सगळी खोली हसली, असे सारे लिहिले. अडलेले काही नाही, तरी दिवाळीला दोन दिवस आमच्याकडे या, असे लिहिले. आणि मग हाताच्या सवयीने, आजवर शेकडो पत्रांखाली लिहिले तसे लिहून गेलो : लोभ असावा.

लिहिले आणि थांबलो. 'लोभ करा' असे आपल्याकडे कोणी लिहीत नाही. किती पिढ्यांनी हा विध्यर्थ असा पत्राच्या तळाशी जपून ठेवला आहे! लोभ आधीच असेल तर काही करायचे नाही, उणा झाला असेल तर तेवढा भरून काढायचा. फक्त, दर अर्ध्या तासाने येऊन तो पाहून जाणारा कारभारी येथे नाही. ते ज्याचे त्यानेच पाहायचे असते. आणि मी वर्षभर पाहिले नव्हते.

बाबूजींचे उत्तर आले आहे. धनत्रयोदशीला पहिल्या एस. टी.ने निघतो म्हणतात.